मूनी जे कधी बोललाच नाही

नीलिमा चौबळला कोरियन येतं ही गोष्ट आयर्लंडमध्ये सहा वर्षं कुणाला कळली नाही, आणि कळायचं काही कारणही नव्हतं. पुण्यात असताना मात्र कारण होतं. रांजणगावला कोरियन कारखाने आले होते. साहेबांचं बोलणं कामगारांना आणि कामगारांचं साहेबांना सांगणारी माणसं त्यांना हवी होती, आणि बी.कॉम. झालेल्या नीलिमाला बँकेची परीक्षा तिसऱ्यांदा द्यायची नव्हती. संध्याकाळच्या क्लासला जाऊन ती कोरियन शिकली आणि मोटारींचे दरवाजे बनवणाऱ्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. अकरा वर्षं तिथे काढली. मग नवरा गिरीश डब्लिनच्या एका औषध कंपनीत आला, मागोमाग ती आणि मुलगी साक्षी आल्या, आणि नीलिमा डब्लिनच्याच टॅला भागातल्या हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात फायली शोधू लागली. तिच्या सीव्हीत ‘कोरियन – उत्तम’ अशी एक ओळ होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ती वाचून ‘लव्हली’ म्हटलं आणि टायपिंगचा वेग विचारला.

गुपित फुटलं ते साक्षीमुळे. तेरा वर्षांची साक्षी शाळेतल्या सगळ्या मुलींसारखी कोरियन गाण्यांची वेडी. हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्टीत ती मैत्रिणीबरोबर एक गाणं म्हणत होती आणि नीलिमाला राहवलं नाही. “अगं, ‘तुझ्याशिवाय मी मरेन’ असं आहे ते,” ती म्हणाली. “तू म्हणतेयस त्याचा अर्थ ‘तुझ्याशिवाय मी सोललेला बटाटा’ असा काहीतरी होतो.”

“मम्मी, स्टॉप, नोबडी केअर्स,” साक्षी म्हणाली. पण शेजारच्या टेबलावरच्या बर्नीला केअर होती. बर्नी रेकॉर्ड विभागातलीच, आणि तिचा भाऊ डेक्लन हा टॅलाजवळच्या बॅलीकॉर रोव्हर्स नावाच्या फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी. खालच्या डिव्हिजनमधला क्लब. घरच्या मॅचला सातशे माणसं आली की डेक्लन ‘हाउसफुल्ल’ म्हणायचा. त्या क्लबाने जानेवारीपासून एक कोरियन मिडफिल्डर घेतला होता, त्याला इंग्रजीतले ‘येस’ आणि ‘सॉरी’ एवढे दोनच शब्द येत होते, आणि डेक्लन आठवडाभर कोरियन येणारं माणूस शोधत होता.

“मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हो,” नीलिमा म्हणाली.

“आमच्या बचाव फळीलाही नाही कळत,” डेक्लन म्हणाला. “यू’ल बी ग्रँड, म्हणजे मस्त जमेल.”

खेळाडूचं नाव ताक मुन-सू. कोरियन पद्धतीप्रमाणे आडनाव आधी.

“ताक?” गिरीशने विचारलं. “खरंच ताक?”

“खरंच ताक.”

“बरं,” गिरीश म्हणाला. “आपल्याकडे दहिभाते असतातच की.”

डब्लिनकरांना ताकाची गंमत कळण्यासारखी नव्हती, पण मुन-सूचं त्यांनी दुसऱ्याच दिवशी ‘मूनी’ करून टाकलं. मूनी हे आयर्लंडमधलं अस्सल आडनाव. क्लबाच्या पत्रकावर पहिल्या मॅचला तेच छापलं गेलं, आणि वाचणाऱ्यांना वाटलं असणार की कॉर्ककडचा कुणी पोरगा आलाय.

पोरगा आला होता गुनसान नावाच्या बंदराच्या गावाहून. वय अठ्ठावीस. त्याची कारकीर्द नीलिमाने पहिल्या दिवशी क्लबच्या चहाच्या खोलीत बसून, त्याच्याच तोंडून ऐकली आणि फिंटन लेसी या कोचला सांगितली. शाळेत असताना तो देशाच्या सतरा वर्षांखालच्या संघाच्या शिबिरात होता. शिबिरात एकतीस मुलं होती, संघात तेवीस घेतली. मग विद्यापीठ. मग कोरियाच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चार मोसम, त्यात मध्ये सक्तीची लष्करी नोकरी. मग मलेशियात एक वर्ष, तिथे क्लबच बंद पडला. आता एजंटने त्याला सांगितलं होतं की आयर्लंड म्हणजे इंग्लंडचं अंगण आहे, आणि इंग्लंडचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, दर शुक्रवारी बोटीने इकडे येतात.

“बोटीने?” फिंटनने विचारलं.

“तो तसंच म्हणाला.”

फिंटनने चहाचा कप पुढे ओढला. “मग तसंच असेल,” तो म्हणाला.

नीलिमाची खरी अडचण पहिल्या सरावाला उघड झाली. तिचं कोरियन अस्खलित होतं, पण ते सगळंच्या सगळं कारखान्यातलं होतं. माल, रिजेक्शन, लाइन थांबली, शिफ्ट बदलली, दोष कुठे शिरला ते शोधा. फिंटन मैदानाच्या कडेला उभा राहून पाच मिनिटं बोलायचा, हातवारे करायचा, मध्येच कुणाच्या तरी आजीचा उद्धार करायचा, आणि मग नीलिमाकडे बघायचा. नीलिमा मुन-सूला म्हणायची, “डाव्या बाजूला माल साचतोय. तू उशिरा उचलतोयस. पुढच्या स्टेशनला दोन सेकंदांत पोचला पाहिजे.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मुन-सू तिच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. आयर्लंडमध्ये आल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

“काय चुकलं?” नीलिमाने विचारलं.

“काही नाही. माझे बाबा मोटारींच्या कारखान्यात फोरमन होते. कारखाना बंद पडेपर्यंत घरी असंच बोलायचे. जेवतानासुद्धा.”

त्या दिवसापासून तो तिला नुनिम म्हणू लागला, म्हणजे ताई. आणि आश्चर्य असं की फिंटनच्या पाच मिनिटांपेक्षा नीलिमाची तीन वाक्यं त्याला जास्त उमगली. डाव्या बाजूला माल साचेनासा झाला. मार्च संपेपर्यंत बॅलीकॉर रोव्हर्स पहिल्या चारांत होते आणि फिंटन सगळ्यांना सांगत सुटला होता की त्याची पद्धत आशियाई मनाला बरोबर पोचते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते मुलाखतींमुळे.

मुन-सू मुळात कमी बोलणारा. एका स्थानिक साप्ताहिकाच्या बातमीदार मुलीने त्याला विचारलं, डब्लिन कसं वाटतं? तो म्हणाला, “थंडी आहे. पाव फार आहे.” नीलिमाच्या कानाला ते बरं वाटेना. पाहुणा म्हणून येऊन असं कुणी बोलतं का? अकरा वर्षं तिने तेच तर केलं होतं: साहेब ओरडायचे, ‘यांच्या डोक्यात काय भुसा भरलाय का?’ आणि ती कामगारांना सांगायची, ‘साहेब म्हणतायत, जरा लक्ष द्या.’ बोलण्याचे टोचणारे कोपरे घासून गुळगुळीत करणं हाच तिचा धंदा होता. तेव्हा तिने इंग्रजीत सांगितलं, “हवा थंड आहे, पण इथली माणसं चुलीसारखी ऊबदार आहेत, आणि पाव तर इतका मिळतो की मी लवकरच गोलकीपर होण्याइतका रुंद होईन.”

बातमीदार मुलगी खो खो हसली. अख्खी मुलाखत छापून आली. पुढच्या शुक्रवारी गेटवरच्या म्हाताऱ्याने मुन-सूच्या पोटावर थाप मारून ‘पाव कमी खा’ म्हटलं, आणि मुन-सू ‘सॉरी’ म्हणाला.

मग नीलिमाला चटकच लागली. दिवसभर फायली शोधणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा लोक श्वास रोखून ऐकत होते. मुन-सू म्हणायचा, “जिंकलो, चांगलं झालं.” त्यातून नीलिमा एक परिच्छेद काढायची. गिरीश एकदा मॅचला आला होता, त्याला शंका आली.

“तो दोन शब्द बोलला. तू पंचवीस बोललीस.”

“कोरियन फार गोळीबंद भाषा आहे,” नीलिमा म्हणाली.

जूनमध्ये एका रेडिओवाल्याने विचारलं, मिडफिल्डरचं काम नेमकं काय? मुन-सूने थोडा विचार करून उत्तर दिलं, “मागून आलेला बॉल पुढे देणं.” नीलिमा म्हणाली, “मिडफिल्डर म्हणजे दोन भांडलेल्या बहिणींच्या मधला भाऊ. दोघींचं ऐकून घ्यायचं, आणि निरोप मात्र अर्धाच पोचवायचा.”

आयर्लंडमध्ये भांडलेल्या बहिणी नाहीत असं घर सापडणं कठीण. ते वाक्य टॅलाभर पसरलं. ब्लँचर्डस्टाउनला राहणारी नीलिमाची मैत्रीण माधवी हिने, जिचा फुटबॉलशी काडीचा संबंध नव्हता, ते महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: ‘बघा, कोरियन लोकांची कुटुंबव्यवस्था आपल्यासारखीच!’ आणि पुढच्या घरच्या मॅचला गोलच्या मागे वीस फुटी फडका, म्हणजे कापडी फलक, लागला. हिरव्या रंगात, ठळक अक्षरांत: ‘मूनी, निरोप अर्धाच दे!’

वॉर्म-अप करताना मुन-सू त्याच्यासमोर थांबला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या नीलिमाकडे आला.

“नुनिम, ते माझं नाव आहे ना? काय लिहिलंय?”

नीलिमाने सांगितलं.

“म्हणजे काय?”

“म्हणजे… तू बोलला होतास तेच.”

“मी कधी?”

आता आली का पंचाईत! माणसाला त्याचंच वाक्य भाषांतर करून सांगायची वेळ कारखान्यातही कधी आली नव्हती. तिने बहिणींचं, भावाचं, निरोपाचं सगळं सांगितलं. मुन-सूने शांतपणे ऐकून घेतलं. “मला बहिणी नाहीत,” तो म्हणाला, आणि वॉर्म-अपला परत गेला.

एवढ्यावर तिने थांबायला हवं होतं. ती थांबली नाही, फक्त वाक्यं थोडी आखूड केली.

ऑक्टोबरात रोव्हर्स प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले. ती एक मॅच जिंकली की वरची डिव्हिजन. आणि त्याच आठवड्यात एजंटचा फोन आला: इंग्लंडच्या एका क्लबाचा स्काउट त्या मॅचला येणार, नक्की येणार. मुन-सूने हे नीलिमाला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शिबिरातल्या सोळा वर्षांच्या मुलाची कळा होती.

आणि त्याचा उजवा गुडघा सुजला होता.

मॅचच्या तीन दिवस आधी क्लबने त्याला डॉक्टरकडे पाठवलं. दुभाषी म्हणून नीलिमा बरोबर. डॉक्टर वयस्क होते, हात थंड होता आणि आवाज मऊ. त्यांनी गुडघा वाकवला, फिरवला, आणि विचारलं, “इथे दुखतं? जिना उतरताना पाय सुटल्यासारखा वाटतो?”

मुन-सू नीलिमाकडे बघून कोरियनमध्ये, अगदी सहज आवाजात म्हणाला, “नुनिम, फार दुखतं. दोनदा पाय सुटला. पण त्यांना सांगा, काही नाही. तुम्ही तर नेहमीच माझ्यापेक्षा चांगलं बोलता. आजही बोला.”

डॉक्टर वाट बघत होते. नर्सने पट्टी आणायला जाताना ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं. इथे प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट. इतक्या वर्षांत नीलिमाला तो शब्द अंगवळणी पडला होता. त्या दिवशी मात्र तिला रांजणगावचा प्रेस दिसला, दरवाज्याचा पत्रा दाबणारा. त्यावर काम करणारा रमेश तिला म्हणाला होता, “मॅडम, साहेबांना सांगा, सेन्सर मेलाय. हात आत असला तरी प्रेस खाली येतो.” साहेब त्या दिवशी आधीच भडकलेले होते, म्हणून तिने सांगितलं, “सेन्सर सवडीने बघून घ्यावा लागेल.” साहेब म्हणाले, रविवारी बघू. गुरुवारी रमेशची दोन बोटं गेली. चौकशी झाली. तिला कुणी काही विचारलं नाही, कारण ती काय बोलली ते समजणारं दुसरं कुणी तिथे नव्हतंच. ही गोष्ट तिने गिरीशलाही सांगितली नव्हती.

“डॉक्टर,” नीलिमा म्हणाली, “तो म्हणतो, फार दुखतं. दोनदा पाय सुटला आहे. आणि तो मला म्हणाला की हे तुम्हाला सांगू नका.”

मुन-सूला इंग्रजी येत नव्हतं, पण डॉक्टरांचा चेहरा वाचता येत होता. त्याने पाय ओढून घेतला. स्कॅन झाला, लिगामेंट जवळजवळ तुटलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, मॅच खेळलास तर कायमचा लंगडा होशील. नीलिमाने तेही जसंच्या तसं सांगितलं. तो भिंतीकडे बघत होता.

अंतिम मॅच रोव्हर्स जिंकले. मुन-सूच्या जागी उतरलेल्या खेळाडूच्या पार्श्वभागावर बॉल आदळला आणि गोलमध्ये गेला, एक-शून्य. स्काउट खरोखरच आला होता, विमानाने. समोरच्या संघाचा गोलकीपर पाहायला. मध्यंतराला चहा घेऊन निघूनही गेला.

हे कळल्यावर मुन-सूचा राग ओसरेल असं नीलिमाला वाटलं होतं. तो ओसरला नाही. ऑपरेशन झालं, ती हॉस्पिटलात सफरचंदं घेऊन भेटायला गेली, तर तो तिला इंग्रजीत म्हणाला, “थँक यू. आय ॲम फाइन.” नुनिम नाही, काही नाही. त्याने ठरवलं होतं की आता दुभाषी नको. तो ज्यांच्याकडे भाड्याने राहत होता त्या मिसेस टिअर्नी झोप सोडली तर कायम बोलत असायच्या. पायाला पट्टा बांधून सात महिने तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसला, आणि उठला तेव्हा त्याला इंग्रजी येत होतं. टॅलाच्या बसमध्ये ऐकू येतं अगदी तसं.

पुढच्या मोसमात, वरच्या डिव्हिजनमध्ये, तो अकरा मॅचेस खेळला. बऱ्याचशा शेवटची वीस मिनिटं. वाईट खेळला नाही, पण गुडघा पूर्वीचा राहिला नव्हता. खरी निराशा वेगळीच होती. परतल्यावरच्या पहिल्या मुलाखतीला चार बातमीदार आले. माइक पुढे करून, ओठांवर हसू तयार ठेवून उभे राहिले. मुन-सू आता स्वतःच्या इंग्रजीत बोलणार होता.

“वी वेअर ग्रँड,” तो म्हणाला. “वी’ल ट्राय अगेन नेक्स्ट वीक.”

ते थांबले. अजून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही.

“इंग्रजीने वाट लावली पोराची,” डेक्लन चहाच्या खोलीत नीलिमाला म्हणाला; दुभाषाचं काम संपलं तरी ती क्लबात चहा द्यायला येत होती. तो मनापासून हळहळत होता. “कोरियनमध्ये काय एकेक बोलायचा! भाषा बदलली की माणूस सपाट होतो, हे खरं आहे बघ.” नीलिमाने चमच्याने कपातला चहा ढवळला. साखर घातली नव्हती तरी ढवळला.

सप्टेंबरात एकदा सरावानंतर तो पार्किंगमध्ये तिच्या गाडीपाशी उभा होता. जवळजवळ वर्षभराने तो कोरियन बोलला.

“गुडघ्याचं मी सोडून दिलंय. तुम्ही बरोबर केलंत, मला तेव्हाही माहीत होतं.”

“मग वर्षभर बोलला का नाहीस?”

“नुनिम, तो मूनी कोण आहे?” त्याने विचारलं. “मी खोलीत शिरलो की सगळे हसायच्या तयारीत असतात. मग मी तोंड उघडतो आणि त्यांचे चेहरे पडतात. रोज. मला वाटायचं माझा खेळ पाहून मला मानतात. मग इंग्रजी कळायला लागलं, जुन्या मुलाखती वाचल्या. ते तुम्हाला मानत होते.”

“तू लोकांना आवडावास म्हणून मी…”

“माझे पास आवडले असते तरी मला पुरलं असतं.”

नीलिमाने हातातली किल्ली खिशात टाकली. ती “चुकलं माझं” म्हणाली, मराठीत. मग भानावर येऊन कोरियनमध्ये म्हणाली.

नोव्हेंबरात त्याने खेळणं सोडलं. गुनसानमधल्या एका शाळेने त्याला कोच म्हणून बोलावलं होतं. क्लबाने निरोपसमारंभ ठेवला. पन्नासेक माणसं, सॉसेज रोल, भिंतीवर तो वीस फुटी फडका. फिंटन बोलला, मुन-सू तीन वाक्यं बोलला, लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग डेक्लनने नीलिमाला पुढे ढकललं.

ती असं काही ठरवून आली नव्हती. पण समोर फडका होता, आणि बाजूला मुन-सू. तिने सगळं सांगून टाकलं. की बहिणींचं वाक्य त्याचं नाही, तिचं आहे. पावाचं तिचंच. नंतरच्या मुलाखतींतलं लॉकर रूममधल्या बेडकाचं, पावसाला दिलेल्या पिवळ्या कार्डाचं, तेही. मूनी यातलं एक अक्षर बोलला नव्हता. तो फक्त म्हणाला होता की मागून आलेला बॉल पुढे देतो, आणि दोन वर्षं त्याने तेच केलं, डाव्या बाजूला, आणि त्या खेळाकडे कुणी नीट पाहिलं नाही. “त्याची मी माफी मागते,” ती म्हणाली.

मग गेटवरचा म्हातारा हसला. मग बर्नी. मग अख्खी खोली. टेबलं बडवून लोक हसू लागले.

“आता बघा!” डेक्लन डोळे पुसत ओरडला. “पार मूनीसारखीच बोलायला लागलीय! त्याच्याच संगतीत शिकली!”

“नाही, खरंच सांगतेय,” नीलिमा म्हणाली. हसू आणखी वाढलं.

तिने मुन-सूकडे पाहिलं. त्याला आता प्रत्येक शब्द समजत होता. तो आधी तोंडावर हात धरून उभा राहिला. मग खांदे हलायला लागले. मग त्याला खुर्ची घ्यावी लागली. गुडघ्यावर हात ठेवून, मान खाली घालून तो इतका हसला की मिसेस टिअर्नी पाणी घेऊन धावल्या.

“सोडून द्या, नुनिम,” तो कसाबसा म्हणाला. “यांना खरं पोचवणं तुमच्या हातात राहिलेलं नाही.”

तो डिसेंबरात गेला. बॅलीकॉरमध्ये फडका अजून निघतो. नवी पोरं मूनी हा कुणी जुना आयरिश विनोदी खेळाडू होता असं समजतात. नीलिमाने पुढल्या वर्षी दुभाषाची रीतसर परीक्षा दिली आणि आता ती हॉस्पिटलात मराठी आजी-आजोबांसाठी काम करते, मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या. गेल्या आठवड्यात अमरावतीकडच्या शोभनाबाई होत्या, पोटदुखी घेऊन. तपासून झाल्यावर नीलिमाकडे वळून त्या म्हणाल्या, “या पोराले काही समजत नाही वाटते. दुखते इकडं अन् दाबून राह्यला तिकडं.”

तरुण डॉक्टर पेन घेऊन थांबला होता. नीलिमाने एक श्वास घेतला आणि सगळं, पोरासकट, इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. मग त्याने हात उचलला आणि बाईंनी दाखवलं होतं तिथे दाबलं.

“हां,” शोभनाबाई म्हणाल्या. “इथंच.”